जखम भरली, मग खाज कशाची?

खेळताना गुडघा फुटतो, दोन दिवस ठणकतो, चार-पाच दिवसांत खपली धरते आणि मग तिथे खाज सुटते. मूल खपलीकडे बोट नेऊ लागले की घरातील वडीलधारी माणसे सांगतात, "खाजवू नकोस, जखम भरत आली आहे." त्वचेचा पाठ चालू असताना एखादा चौकस विद्यार्थी नेमका येथेच अडतो. जखम उघडी असताना दुखत होते हे समजले. पण ती भरत आल्यावर खाज का सुटावी? स्पर्श, दाब, उष्णता, थंडी आणि वेदना ही त्वचेची कामे आपण फळ्यावर लिहितो. त्या यादीत खाज कोठे बसवायची?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. खाज ही स्वतंत्र संवेदना आहे की वेदनेचाच सौम्य प्रकार आहे, यावर शास्त्रज्ञांचे एकमत व्हायला जवळजवळ संपूर्ण विसावे शतक लागले. भरत्या जखमेच्या खाजेचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर तर २०२० साली हाती आले. या दिरंगाईची किंमत ज्यांना मोजावी लागली, त्यांच्याविषयीही या लेखात आम्हाला सांगायचे आहे.

खाज आणि खरूज

मराठीत खाज ही संवेदना आणि खरूज हा रोग, असे दोन निराळे शब्द आहेत. युरोपात ही सोय सर्वत्र नव्हती. इंग्रजीत कित्येक शतके दोहोंना एकच शब्द वापरला जाई, आणि जर्मन भाषेतील खरजेचे नाव तर 'खाजवणे' या क्रियापदावरूनच आलेले आहे. त्यामुळे खाजेचा विचार म्हणजे खरजेचा विचार, असेच बराच काळ चालले.

१६६० साली झामुएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने त्वचारोगांवरील आपल्या लॅटिन ग्रंथात खाजेची व्याख्या केली. जी अप्रिय संवेदना खाजवण्याची इच्छा उत्पन्न करते ती खाज, असा तिचा आशय. ही व्याख्या इतकी नेमकी आहे की आजच्या वैद्यकीय ग्रंथांतही ती जवळपास तशीच देतात. संवेदना कोठे उत्पन्न होते, कशामुळे होते, याविषयी ती काहीच सांगत नाही. माणूस काय करू पाहतो एवढेच सांगते. तीनशे वर्षे आपल्याला खात्रीने तेवढेच ठाऊक होते.

१६८७ मध्ये इटलीतील जोव्हान्नी कोझिमो बोनोमो यांनी औषधविक्रेते चेस्तोनी यांच्या साहाय्याने खरजेचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याचे चित्र काढले. गरीब बायका आपल्या मुलांच्या हातांवरच्या फोडांतून टाचणीने काहीतरी टिपून काढतात, हे ऐकून त्यांनी शोध सुरू केला होता. तरीही वैद्यकाला हे पटायला १८३४ साल उजाडले. कॉर्सिका बेटावरून आलेल्या रेनुच्ची या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात, आपल्या गावच्या बायकांच्या पद्धतीने, सर्वांसमक्ष तो किडा काढून दाखवला. ज्यांना खाजते आणि जे जवळून पाहतात, त्यांचे म्हणणे विद्वानांना उशिरा पटते. या इतिहासात ही गोष्ट पुन्हा एकदा घडलेली दिसेल.

सौम्य वेदना?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्वचेचा अक्षरशः नकाशा काढण्याचे काम सुरू झाले. १८८०च्या दशकात स्वीडनचे माग्नुस ब्लिक्स आणि जर्मनीचे आल्फ्रेड गोल्डशायडर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की त्वचा सर्वत्र सारखी संवेदनशील नसते. तिच्यावर थंडीचे, उष्णतेचे आणि दाबाचे वेगवेगळे ठिपके असतात. त्यांच्यानंतर माक्स फॉन फ्राय यांनी काडीच्या टोकाला वेगवेगळ्या जाडीचे केस चिकटवले. प्रत्येक केस ठरावीक दाबाला वाकतो, म्हणून त्याने त्वचेवर नेमका मोजून दाब देता येतो. या साध्या साधनाने त्यांनी वेदनेचे ठिपकेही शोधले. स्पर्श, उष्णता, थंडी आणि वेदना या चार संवेदना अशा रीतीने पक्क्या झाल्या.

खाजेचा ठिपका मात्र वेगळा सापडला नाही. १९२२ साली फॉन फ्राय यांनी निष्कर्ष मांडला, की वेदनेचेच चेतातंतू क्षीणपणे उत्तेजित झाले की खाज जाणवते. म्हणजे खाज ही सौम्य वेदना.

या मताच्या बाजूने चांगला पुरावा होता. असह्य वेदनेसाठी मज्जारज्जूच्या पुढच्या-बाजूच्या भागातील तंतू कापण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. ती केलेल्या रुग्णांची शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूची वेदना जाई, आणि तिच्याबरोबर खाजही जाई. जन्मतःच वेदना न जाणवणाऱ्या काही विरळा व्यक्तींनाही खाज जाणवत नाही असे दिसले. दोन्ही संवेदना एकाच वाटेने मेंदूकडे जातात, मग त्या एकच असल्या पाहिजेत, हा तर्क स्वाभाविक होता.

पण एका वाटेने जाणारे दोन प्रवासी म्हणजे एक माणूस नव्हे. मॉर्फिन दिले की वेदना शमते, पण पुष्कळ रुग्णांना त्यानेच खाज सुटते. चटका बसला की आपण हात मागे घेतो. खाज सुटली की हात तिच्याकडे नेतो. वेदना हाडात, स्नायूत, पोटात कोठेही होते. खाज मात्र त्वचेत आणि तिच्या लगतच्या ओलसर अस्तरांतच सुटते. शिवाय सौम्य वेदना वाढत गेली तर तीव्र वेदना होते. खाज वाढत गेली तर ती तीव्र खाजच राहते. हे कोणत्याही रुग्णाने सांगितले असते. तरीही सिद्धान्त टिकला, कारण खाजेचा स्वतंत्र तंतू कोणी दाखवू शकत नव्हते.

लुइस यांची लाल रेघ

दरम्यान दुसऱ्या बाजूने रसायनशास्त्राने प्रवेश केला. १९१० साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिन या पदार्थाचे शरीरावरील परिणाम प्रसिद्ध केले. १९२०च्या दशकात लंडनच्या थॉमस लुइस यांनी त्वचेवर बोथट वस्तूने जोराने रेघ ओढल्यावर काय होते, याचा बारकाईने अभ्यास केला.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. फूटपट्टीच्या गोलसर कोपऱ्याने, त्वचा खरचटणार नाही अशा बेताने, आपल्याच हाताच्या आतल्या बाजूवर एक दाबून रेघ ओढावी आणि घड्याळ पहावे. प्रथम रेघेच्या जागीच लाली येते. मग तिच्या दोन्ही बाजूंना पसरट लाली दिसू लागते. काहींच्या हातावर दोन-तीन मिनिटांत रेघेच्या जागी त्वचा फुगते, म्हणजे गांध उठते. त्वचेत हिस्टामिन टोचले तरी हाच त्रिविध परिणाम दिसतो आणि शिवाय खाज सुटते. इजा झालेल्या त्वचेतून हिस्टामिनसारखा पदार्थ बाहेर पडत असला पाहिजे, असे लुइस यांनी १९२७च्या आपल्या ग्रंथात मांडले.

हा पदार्थ कोठून येतो, हे १९५३ साली जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी दाखवले. त्वचेत रक्तवाहिन्यांजवळ आणि चेतातंतूंजवळ विखुरलेल्या, कणांनी गच्च भरलेल्या 'मास्ट' पेशी १८७८ मध्येच पाउल एर्लिश यांनी ओळखून ठेवल्या होत्या. त्यांना त्या खाऊनपिऊन पुष्ट झालेल्या पेशी वाटल्या, म्हणून त्यांनी तसे जर्मन नाव दिले. प्रत्यक्षात त्या कणांत हिस्टामिन साठवलेले असते. तोवर हिस्टामिनला अडवणारी औषधेही आली होती. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्तोब यांनी त्यांची सुरुवात केली आणि १९५७ मध्ये बोव्हे यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उत्तर हाती आल्यासारखे वाटू लागले. जखमेत मास्ट पेशी असतात, त्या हिस्टामिन सोडतात, म्हणून खाजते. हिस्टामिनविरोधी गोळी द्या, खाज थांबेल. अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींना हे लागू पडले. परंतु भाजून बऱ्या झालेल्या अनेक रुग्णांची खाज या गोळ्यांनी म्हणावी तशी थांबेना.

खाजकुइलीची साक्ष

या कोड्याची किल्ली आपल्या ओळखीच्या एका वेलीने दिली. सह्याद्रीच्या रानात आणि शेताच्या कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव असते. ती अंगाला लागली की काय होते, हे खेड्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. या वेलीचे इंग्रजी नावही हिंदीतील 'कवाँच' या शब्दावरूनच पडले आहे.

१९५५ साली अमेरिकेतील वॉल्टर शेली आणि रॉबर्ट आर्थर यांनी या कुसांमधून खाज आणणारा पदार्थ वेगळा केला. ते हिस्टामिन नव्हते, प्रथिनांचे विघटन करणारे एक विकर होते. त्याला त्यांनी 'म्युक्युनेन' नाव दिले. एक कूस टोचली तरी जोरदार खाज सुटते, पण हिस्टामिनसारखी पसरट लाली येत नाही. पुढे २००८ मध्ये हे विकर चेतातंतूंच्या टोकांवरील ठरावीक ग्राहक प्रथिने कापून त्यांना जागे करते, हे सिद्ध झाले. अशी विकरे केवळ वनस्पतींत नसतात. आपल्या त्वचेत, जखमेत आणि तिच्यावर वाढणाऱ्या जिवाणूंतही असतात.

शेली आणि आर्थर यांच्या अभ्यासातून आणखी एक मोलाची गोष्ट पुढे आली. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, काढून टाकली तर त्या जागी वेदना जाणवते, पण खाज आणता येत नाही. उघडी जखम दुखते आणि तिच्यावर कोवळी त्वचा धरू लागली की खाजते, या रोजच्या अनुभवाशी हे चांगले जुळते.

संथ तंतूंचा शोध

१९६०च्या दशकात स्वीडनमध्ये एक नवे तंत्र विकसित झाले. जाग्या माणसाच्या चेतेत अतिशय बारीक सुई घालून एकेका तंतूतून जाणारे विद्युत्‌संदेश टिपता येऊ लागले. संदेश यंत्रावर दिसतो आणि त्याच वेळी काय जाणवते ते माणूस सांगतो, असा दुहेरी पुरावा प्रथमच मिळू लागला.

तरीही खाजेचा तंतू लवकर सापडला नाही, आणि त्याचे कारण मोठे उद्‌बोधक आहे. संशोधक तंतू शोधण्यासाठी त्वचेवर दाब देत आणि जो तंतू प्रतिसाद देईल त्याचाच पुढे अभ्यास करीत. १९९७ साली जर्मनीतील एर्लांगेनचे मार्टिन श्मेल्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबाऐवजी विजेच्या सौम्य धक्क्याने तंतू शोधले. त्यांना असे काही तंतू मिळाले, की जे दाबाला मुळीच दाद देत नव्हते, पण त्वचेत हिस्टामिन सोडताच संदेश पाठवू लागले. आणि जोवर त्या व्यक्तीला खाजत होते तोवर पाठवत राहिले. हे तंतू होतेच. विचारण्याची पद्धत चुकीची होती, म्हणून ते गप्प राहिले होते.

या तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असतो. विद्यार्थ्यांना एक छोटे गणित घालावे : घोट्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरले, तर खाजेचा संदेश पोचायला किती वेळ लागेल? दोन सेकंद. स्पर्शाचे जलद तंतू सेकंदाला सुमारे पन्नास मीटर वेगाने संदेश नेतात. त्यांना तेच अंतर कापायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. डास बसल्याचे आधी कळते आणि खाज मागाहून येते. त्या विलंबातला मोठा वाटा अर्थातच त्वचेतील रासायनिक घडामोडींचा असतो.

२००७ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे सुन आणि चेन यांनी उंदराच्या मज्जारज्जूतील एक ग्राहक प्रथिन निकामी केले. त्या उंदरांना वेदना नेहमीसारखी जाणवत होती, पण खाज आणणाऱ्या पदार्थांनी ते पूर्वीइतके खाजवेनात. वाट शेजारची असली तरी प्रवासी दोन आहेत, हे आता निश्चित झाले. शिवाय हिस्टामिनची खाज आणि खाजकुइलीची खाज वेगवेगळ्या तंतूंवरून जाते असेही याच सुमारास दिसून आले. हिस्टामिनविरोधी गोळी प्रत्येक खाजेवर का चालत नाही, याचा उलगडा येथे होतो.

भरत्या जखमेत काय घडते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जखम झाल्यावर काही मिनिटांत रक्त गोठते. पुढचे काही दिवस पांढऱ्या पेशी जंतू आणि मृत पेशी साफ करतात. मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तंतू बनवणाऱ्या पेशी कोलॅजन विणू लागतात आणि कडेने नवी बाह्यत्वचा सरकत येते. वरून जखम बंद झाली तरी आतले काम कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे चालूच असते. इतके करूनही व्रणाची बळकटी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

या सर्व कामाचे मुकादम म्हणावेत असे काही रासायनिक निरोपे असतात. त्यांतील एकाचे नाव टीजीएफ-बीटा. कोलॅजन विणायला लावणे हे त्याचे ठळक काम. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी उंदरांच्या जखमांवर केलेले काम प्रसिद्ध केले. त्यात दिसले की हेच टीजीएफ-बीटा त्वचेतील एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींना इंटरल्यूकिन-३१ नावाचा पदार्थ तयार करायला लावते, आणि हा पदार्थ थेट चेतातंतूंना चेतवून खाज आणतो. ही साखळी तोडली की उंदीर जखम कमी खाजवू लागले. उंदरात आढळले ते माणसात जसेच्या तसे असेलच असे नाही, पण दिशा स्पष्ट आहे. जो निरोप्या जखम सांधतो, तोच खाजेलाही बोलावतो. म्हणजे "खाज सुटली, जखम भरत आली" हे आजीचे निरीक्षण बिनबुडाचे नव्हते.

याच्या जोडीला इतरही कारणे असतात. तुटलेले चेतातंतू दिवसाला सुमारे एक मिलीमीटर वेगाने पुन्हा वाढतात आणि त्यांची कोवळी टोके थोड्याशा कारणानेही संदेश सोडतात. खोल भाजलेल्या जागी तेलग्रंथी नष्ट होतात, त्यामुळे नवी त्वचा कोरडी पडते आणि कोरडी त्वचा खाजते.

आजीचे म्हणणे जेथे संपते

परंतु हे निरीक्षण अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसे अडकतात. नेदरलँड्स व बेल्जियममधील भाजलेल्या प्रौढांची एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी ८७ टक्के, वर्षाने ७० टक्के आणि दोन वर्षांनी ६७ टक्के लोकांनी खाज असल्याचे सांगितले. दोन वर्षांनी जखम "भरत आलेली" नसते. ती कधीच भरलेली असते.

काहींच्या बाबतीत व्रण जाड व उंचावलेला राहतो. काहींच्या बाबतीत तो मूळ जखमेची सीमा ओलांडून पसरतो. अशा वाढीचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या आलिबेर यांनी केले आणि तिच्या आकारामुळे खेकड्याच्या नांगीवरून 'केलॉइड' हे नाव दिले. कान टोचल्यावर, क्वचित दंडावरील बीसीजीच्या व्रणावरही ती दिसते. अशा व्रणांत मास्ट पेशींचे प्रमाण वाढलेले आढळते, आणि ते खाजतात.

याहून विलक्षण उदाहरण २००२ साली बॉस्टनमधील डॉक्टरांनी नोंदवले. एका स्त्रीच्या कपाळावर नागीण झाली होती. नागीण बरी झाली, पण तेथे अनावर खाज राहिली. तपासणीत दिसले की त्या जागच्या बाह्यत्वचेतील ९६ टक्के चेतातंतू नष्ट झाले होते. त्वचा जवळजवळ बधिर, तरीही खाज. वेदनेचा लगाम नसल्याने ती खाजवतच राहिली, आणि जखम कवटीचे हाड ओलांडून मेंदूपर्यंत गेली. येथे खाज त्वचेत नव्हती. दुखावलेल्या चेतासंस्थेत होती. अशा खाजेला त्वचेवरचे मलम किंवा हिस्टामिनविरोधी गोळी काय करणार?

भाजल्यानंतरच्या खाजेतही चेतांचा वाटा असावा, या विचाराने गॅबापेंटिन हे चेतांवर काम करणारे औषध वापरून पाहण्यात आले. २०११ साली नवी दिल्लीतील डॉ. राजीव आहुजा आणि सहकाऱ्यांनी सेटिरिझिन हे हिस्टामिनविरोधी औषध, गॅबापेंटिन आणि दोन्ही मिळून अशी तुलना प्रसिद्ध केली. गॅबापेंटिन सेटिरिझिनपेक्षा अधिक उपयोगी ठरले. खाज ही स्वतंत्र संवेदना आहे, हे मान्य झाल्याचा असा प्रत्यक्ष लाभ रुग्णापर्यंत पोचतो.

वर्गात काय सांगावे

खाजवल्याने बरे का वाटते, हे मुले विचारतीलच. खाजवताना होणारी हलकी वेदना मज्जारज्जूतच खाजेचा संदेश दाबते. २००९ साली माकडांवरील प्रयोगांत हे दिसून आले. पण नखांनी कोवळी बाह्यत्वचा फाटते, मास्ट पेशी पुन्हा चेतवल्या जातात आणि जंतूंना वाट मिळते. २०२३ मध्ये आढळले की जखमेत वाढणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे एक विकर स्वतःच चेतातंतूंना चेतवून खाज आणते. खाज वाढते म्हणून खाजवणे, आणि खाजवले म्हणून खाज वाढणे, असे चक्र सुरू होते.

म्हणून खपलीच्या खाजेसाठी साधे उपाय पुरेत : नखे कापलेली ठेवणे, ओल्या गार फडक्याने हलके दाबणे, जखम पूर्ण बंद झाल्यावर त्वचा तेलकट-मऊ ठेवणे, सुती कपडे वापरणे. जागा लाल होऊन पसरू लागली, पू आला, व्रण वाढू लागला किंवा खाजेने झोप मोडू लागली, तर मात्र डॉक्टरांकडे पाठवावे.

आणि एक सूचना खास शिक्षकांसाठी. आपल्याकडे स्टोव्हच्या भडक्याने, सांडलेल्या गरम पाण्याने, दिवाळीच्या फटाक्यांनी भाजलेली मुले शाळेत परत येतात. बाहीखाली व्रण झाकलेला असतो, जखम बरी झाल्याचे सर्वांनी मान्य केलेले असते, आणि मूल तासाला सारखे चुळबुळत असते. त्याला "खाजवू नकोस, नीट बस" एवढेच सांगितले तर आपण १९२२ सालीच थांबलो असे होईल. खिडकीजवळची हवेशीर जागा, तेल किंवा मलम लावायला मधल्या सुटीव्यतिरिक्त पाच मिनिटे, आणि खाजेवरही उपचार असतात हे त्याच्या आईवडिलांच्या कानावर घालणे, एवढे कोणत्याही शाळेला करता येईल. खाज सौम्य असते, हे खाज नसलेल्यांचे मत होते. ते बदलायला शास्त्राला पाऊणशे वर्षे लागली. आपल्याला तितकी लागू नयेत.